संगणकाचा पत्ता

प्रस्तावना

पत्रावर पत्ता लिहून झाला की आपण शेवटी सहा अंक लिहितो. ही पिनकोडची पद्धत भारतीय टपाल खात्याने १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू केली. तिची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र शासनाच्या दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते आणि संस्कृत भाषेचे कवीही होते. देशात एकाच नावाची गावे अनेक, पत्ते लिहिणाऱ्यांच्या भाषा वेगळ्या, लिप्या वेगळ्या. अशा स्थितीत पत्र योग्य डाकघरी पोहोचावे म्हणून सहा अंकांचा आधार घेतला गेला. पहिला अंक देशाचा विभाग दाखवतो, दुसरा उपविभाग आणि तिसरा वर्गवारीचा जिल्हा. शेवटचे तीन अंक विशिष्ट डाकघराचे असतात. अंक डावीकडून वाचत जावे तसतसे पत्र आपल्या मुक्कामाच्या जवळ येते.

संगणकांच्या जाळ्यातही निरोप असाच अंकांच्या पत्त्यावर पोहोचतो. हा पत्ता संगणकाला कोण देतो, तो कुठे लिहिलेला असतो आणि चुकला तर कसा शोधायचा, याची माहिती या पाठात आहे. पाठ वाचल्यावर जाळे बंद पडण्याचे कारण क्रमाने शोधणे आणि त्याविषयी शुद्ध, नेमक्या मराठीत बोलणे तुम्हाला जमावे, अशी अपेक्षा आहे.

मूळ पाठ

इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा कोणत्याही गावी असू शकेल असे एक अभ्यासकेंद्र डोळ्यांसमोर आणा. केंद्रात तीन संगणक आहेत. तिन्हींवर लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली आहे. त्यांपैकी एका संगणकात दोन वर्षांचे साहित्य साठवलेले आहे: शिकणाऱ्यांनी टंकलेले स्वाध्याय, वाचनाचे ध्वनिमुद्रण, जुन्या प्रश्नपत्रिका. उरलेले दोन संगणक हे साहित्य त्याच्याकडून मागून घेतात. या साठ्याच्या संगणकाला सर्वजण ‘अभ्यासिका’ म्हणतात.

एके दिवशी विजेच्या कडकडाटात केंद्रातील राउटर जळाला. दुसऱ्या दिवशी नवा राउटर बसवण्यात आला. दोन संगणकांवर इंटरनेट लगेच सुरू झाले. अभ्यासिकेवर मात काही उघडेना, आणि तिच्यातील साहित्यही इतर दोघांना मिळेना. परीक्षेचे अर्ज भरण्यास तीन दिवस उरले होते, आणि शिकणाऱ्यांची छायाचित्रे व प्रमाणपत्रांच्या प्रती नेमक्या त्याच संगणकात होत्या.

दुरुस्तीसाठी बोलावलेल्या कारागिराने पाच मिनिटे पाहून निदान केले, “सर, फॉरमॅट मारावा लागेल. दुसरा इलाज नाही.”

हा सल्ला आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. फॉरमॅट करणे म्हणजे तबकडीवरील सारे पुसून कार्यप्रणाली नव्याने बसवणे. त्याने पुष्कळदा जाळे सुरू होते हे खरे. पण एका चुकीच्या ओळीसाठी सारी वही जाळण्यासारखेच ते आहे. शिवाय जाळे का बंद पडले होते हे कोणालाच कळत नाही. दिवसभर शिवणकाम करून संध्याकाळी केंद्रात येणारी एक विद्यार्थिनी केंद्रचालकांना म्हणाली, “सर, पुसण्याआधी एकदा संगणकालाच विचारून पाहू या का?”

विचारून पाहता येते, ते कसे?

वाचता येणारे दप्तर

मुक्तस्रोत म्हणजे जिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि इतरांना देता येते अशी प्रणाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने लिनक्सचा गाभा लोकांपुढे ठेवला. १९९३ मध्ये डेबियन हे वितरण सुरू झाले. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच आधारलेली आहे, आणि केरळमधील शासकीय शाळांनीही संगणक शिक्षणासाठी मुक्त प्रणालीचा स्वीकार केला.

आपल्या दृष्टीने यातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. लिनक्समध्ये संगणकाच्या बहुतेक साऱ्या जोडण्या साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेल्या असतात. या फाइली ‘ईटीसी’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या असतात. वहीचे पान वाचावे तशा त्या उघडून वाचता येतात. ज्या ओळीच्या प्रारंभी आडव्या-उभ्या रेघांची चौकट, म्हणजे ‘हॅश’ हे चिन्ह असते, ती ओळ संगणक वगळतो. ती माणसांसाठी लिहिलेली टीप असते. यातील बहुतेक फाइली वाचण्याची मुभा सर्वांना असते, पण बदलण्याचा अधिकार एकट्या व्यवस्थापकाला, म्हणजे ‘रूट’ला असतो. गावच्या चावडीवरील नोंदवही कोणीही पाहावी, पण तीत नोंद करावी ती तलाठ्यानेच, तसे हे आहे. व्यवस्थापकाचा अधिकार तेवढ्यापुरता वापरायचा असेल तर आज्ञेच्या आधी ‘सुडो’ हा शब्द टंकावा लागतो.

आज्ञा देण्याच्या खिडकीला टर्मिनल म्हणतात. या पाठात आज्ञांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि आंतरराष्ट्रीय अंकांत टंकायच्या असतात.

पत्त्याचे चार घटक

जाळ्यात वावरण्यासाठी संगणकाला चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचा पत्ता. त्याला आयपी पत्ता म्हणतात. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२५. यातील प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. असे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी होतात. १९८१ मध्ये ही रचना निश्चित झाली तेव्हा ते उदंड वाटले असतील. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातील अखेरचे गट वाटून संपले. म्हणून याहून कितीतरी लांब पत्त्यांची नवी पद्धत आता जुन्या पद्धतीच्या जोडीने वापरात आहे. घराघरांतील व कार्यालयांतील संगणकांसाठी काही पत्ते राखून ठेवलेले आहेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. प्रत्येक चाळीत पाच नंबरची खोली असते, म्हणून टपालवाला गोंधळत नाही. तसेच हे पत्ते लाखो घरांत एकाच वेळी वापरात असूनही घोटाळा होत नाही, कारण ते घराच्या आतच वापरायचे असतात. बाहेरच्या जगाशी बोलताना राउटर आपला स्वतःचा पत्ता पुढे करतो आणि आलेले उत्तर आतल्या योग्य संगणकाकडे पोहोचवतो.

दुसरी गोष्ट नेटमास्क. पत्त्याचा कोणता भाग वस्तीचा आणि कोणता घराचा, हे त्यावरून कळते. २५५.२५५.२५५.० असा नेटमास्क असेल तर पहिल्या तीन संख्या वस्तीच्या आणि शेवटची घराची. या संख्या तशाच न लिहिता पुष्कळदा पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन २४ लिहितात, अर्थ एकच. म्हणजे १९२.१६८.१.२५ आणि १९२.१६८.१.१०३ हे शेजारी आहेत, पण १९२.१६८.०.२५ हा दुसऱ्या वस्तीतला. दिसायला एका अंकाचा फरक, पण तो ओलांडून थेट हाक पोहोचत नाही. आपल्या कथेतील घोटाळ्याचे मूळ याच एका अंकात आहे.

तिसरी गोष्ट गेटवे. मराठीत त्याला वेस म्हणावे. वस्तीबाहेर जाणारा प्रत्येक निरोप वेशीतून जातो. घरात किंवा केंद्रात ही वेस म्हणजे राउटर.

चौथी गोष्ट नेमसर्व्हर, म्हणजे नावांचा जाणकार. माणसे नावे लक्षात ठेवतात, यंत्रे अंकांवर चालतात. आपण संकेतस्थळाचे नाव लिहिले की हा जाणकार त्याचा अंकी पत्ता सांगतो. ही व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आखली. त्यापूर्वी सर्व नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे, आणि जाळ्यातील प्रत्येक जण ती आपल्याकडे उतरवून घेई. त्या यादीचा अवशेष आजही प्रत्येक लिनक्स संगणकात ‘होस्ट्स’ या फाइलच्या रूपाने उरला आहे. तिच्याकडे पुढे वळावे लागणारच आहे. २०१४ पासून ‘.भारत’ या शेवटासह देवनागरीतही संकेतस्थळाचे नाव घेता येते आणि त्या सोयीत मराठीचाही समावेश आहे. आत मात्र ते नाव रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात बदलूनच जाणकाराला विचारले जाते.

या चारही गोष्टी संगणकाला दोन प्रकारे मिळतात. पहिल्या प्रकारात संगणक सुरू होताच ‘मला कोणी पत्ता देता का?’ असे सगळ्या जाळ्याला विचारतो आणि राउटर त्याला मोकळा पत्ता, वेस व नेमसर्व्हर ठरावीक मुदतीसाठी देतो. या पद्धतीला डीएचसीपी असे नाव आहे. दुसऱ्या प्रकारात या गोष्टी माणूस हाताने फाइलीत लिहून ठेवतो. मग तो पत्ता कायम राहतो. पाहुण्याला खोली कोणतीही चालते, पण दुकानाचा पत्ता रोज बदलून भागत नाही. ज्याच्याकडे इतरांनी यायचे आहे त्या संगणकाला कायमचा पत्ता असलेला बरा, म्हणून अभ्यासिकेचा पत्ता कोणीतरी पूर्वी हाताने लिहिला होता.

पाठगत प्रश्न

(१) नेटमास्क २५५.२५५.२५५.० असताना १९२.१६८.१.७ आणि १९२.१६८.७.१ हे संगणक एका वस्तीतील आहेत काय? कारण सांगा.
(२) अभ्यासिकेला कायमचा पत्ता देण्याची गरज का होती?

जवळून दूर

जाळे बंद असले की माणूस सर्वांत दूरच्या गोष्टीवर संशय घेतो. संकेतस्थळ बंद असेल, कंपनीचे नेट गेले असेल, असे आधी वाटते. शोध मात्र जवळून सुरू करायला हवा. तार, मग आपला पत्ता, मग वेस, मग बाहेरचे जग आणि शेवटी नावे. या क्रमाने गेले की जिथे उत्तर थांबते तिथेच दोष असतो.

विद्यार्थिनीने प्रथम ‘आयपी लिंक’ ही आज्ञा दिली. संगणकातील जाळ्याच्या जोडण्यांची यादी पडद्यावर आली. तिच्यात ‘एलओ’ ही संगणकाची स्वतःशीच असलेली जोडणी होती आणि ‘ईएनपी२एस०’ ही तारेची. अशी विचित्र नावे पाहून बिचकू नये. पूर्वी तारेच्या पहिल्या जोडणीला सरसकट ‘ईटीएच०’ म्हणत. २०१३ नंतर अनेक वितरणांनी जोडणीचे यंत्रातील स्थान सांगणारी नावे स्वीकारली. जुन्या पुस्तकातील नाव आपल्या पडद्यावर दिसत नाही ते यामुळे. नावापुढे ‘अप’ हा शब्द होता, म्हणजे तार ठीक होती. तार निघालेली असती तर तिथे ‘नो-कॅरिअर’ असे आले असते, आणि पुष्कळ वेळा शोध तिथेच संपतो. झाडलोट करताना निघालेली तार शोधण्यासाठी कारागीर लागत नाही.

मग तिने ‘आयपी ॲड्रेस’ ही आज्ञा दिली. उत्तर आले, १९२.१६८.०.२५, तिरपी रेघ, २४. ‘आयपी रूट’ या आज्ञेने वेस कोणती ते सांगितले: १९२.१६८.०.१. शेजारच्या संगणकावर याच दोन आज्ञा दिल्या तेव्हा त्याचा पत्ता १९२.१६८.१.१०३ आणि वेस १९२.१६८.१.१ अशी दिसली.

दोन कागदांवर ही उत्तरे लिहून ते शेजारी शेजारी ठेवले आणि सारे उघड झाले. जुना राउटर ज्या वस्तीची वेस होता, ती वस्ती त्याच्याबरोबरच गेली होती. नव्या राउटरची वस्ती निराळी. दोन्ही संगणक पाहुण्यांसारखे नव्या घरी नवी खोली मागून मोकळे झाले; अभ्यासिका मात्र जुन्याच पत्त्याची पाटी लावून बसली होती आणि नसलेल्या वेशीवर निरोप पाठवत होती.

खात्री करण्यासाठी ‘पिंग’ ही आज्ञा आहे. माइक म्यूस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली. पाणबुडीचा ठाव घेण्यासाठी पाण्यात ध्वनी सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतात. त्या आवाजावरून हे नाव पडले. पिंग आणि त्यापुढे पत्ता टंकला की संगणक त्या पत्त्यावर लहानसा निरोप पाठवतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सेकंदाच्या हजाराव्या भागांत दाखवतो. लिनक्समध्ये हे पाठवणे आपण थांबवेपर्यंत चालूच राहते. कंट्रोल कळ दाबून ‘सी’ दाबले की ते थांबते. विद्यार्थिनीने जुन्या वेशीला पिंग केले. मुक्कामाचा संगणक गाठता येत नाही, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य ओळीमागून ओळ उमटू लागले.

एक ओळ, मग दुसरी

डेबियनच्या पद्धतीत हाताने लिहिलेला पत्ता ईटीसी फोल्डरमधील ‘नेटवर्क’ या फोल्डरात ‘इंटरफेसेस’ नावाच्या फाइलीत असतो. बदल करण्यापूर्वी ‘सीपी’ या आज्ञेने फाइलीची प्रत काढण्यात आली. ही सवय प्रत्येकाने जिवापाड जपावी. मूळ प्रत हाताशी असली की चूक झाली तरी मागे येता येते, आणि मागे येता येते हे ठाऊक असले की हात थरथरत नाही.

मग ‘नॅनो’ या साध्या लेखन-साधनात सुडोच्या अधिकाराने फाइल उघडली. आत मोजक्या ओळी होत्या. एका ओळीत जोडणीचे नाव आणि ‘स्टॅटिक’ म्हणजे कायम हा शब्द, तिच्याखाली पत्ता, नेटमास्क आणि वेस. पत्त्यात ० च्या जागी १ लिहायचा आणि वेशीतही तसेच, एवढेच काम. पण शेवटची संख्या २५ तशीच ठेवावी का? नवा राउटर पाहुण्यांना कोणते पत्ते वाटतो ते आधी पाहायला हवे. त्याच्या जोडण्यांच्या पानावर १०० ते १९९ हा पल्ला दिलेला होता. २५ त्याबाहेर होता, म्हणून चालला. तो पल्ल्यातला असता तर आज ना उद्या राउटरने तोच पत्ता दुसऱ्याला दिला असता. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे आली की निरोप कधी याला, कधी त्याला मिळतो, आणि असा दोष शोधणे फार जिकिरीचे असते.

फाइल जतन करून संगणक पुन्हा सुरू करण्यात आला. जाळ्याची सेवा तेवढी पुन्हा सुरू करूनही भागते, परंतु नवशिक्याने संगणकच पुन्हा सुरू करणे अधिक निर्धोक. नव्या वेशीला पिंग करताच उत्तर आले. त्यानंतर बाहेरच्या जगातील एका अंकी पत्त्याला, ८.८.८.८ ला, पिंग केले. हा गूगलच्या सार्वजनिक नेमसर्व्हरचा पत्ता असून लक्षात ठेवायला सोपा आहे, म्हणून तपासणीसाठी नेहमी वापरला जातो. तिथूनही उत्तर आले. बाहेरची काही यंत्रे मुद्दामच पिंगला उत्तर देत नाहीत, म्हणून एका जागेवरून मौन आले तर लगेच निष्कर्ष काढू नये.

केंद्रचालकांनी आनंदाने ब्राउझर उघडला. संकेतस्थळ उघडले नाही.

अशा क्षणी धीर सुटतो आणि ‘फॉरमॅट’चा विचार पुन्हा डोके वर काढतो. वास्तविक संगणकाने या वेळी फार नेमके उत्तर दिले होते. अंकांपर्यंत पोहोचता येते आणि नावांपर्यंत येत नाही, म्हणजे तार, पत्ता आणि वेस या तिन्हींवरचा संशय फिटला; उरला एकटा नावांचा जाणकार. विद्यार्थिनीने संकेतस्थळाच्या नावाला पिंग केले. काही सेकंद थांबून संगणकाने सांगितले की नाव उलगडण्यात तात्पुरते अपयश आले आहे. इथे ‘तात्पुरते’ हा शब्द फसवा आहे. ओळ दुरुस्त होईपर्यंत हे अपयश कायमच राहणार होते.

जाणकाराचा पत्ता ईटीसीमधील ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलीत असतो. ‘कॅट’ या आज्ञेने ती पडद्यावर वाचली. एकच ओळ होती: नेमसर्व्हर, १९२.१६८.०.१. गेलेल्या राउटरलाच अजून नावे विचारली जात होती. तिथे १९२.१६८.१.१ लिहिले आणि संकेतस्थळ उघडले.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. आजच्या अनेक वितरणांत ही फाइल एखादा साहाय्यक कार्यक्रम स्वतः लिहितो आणि हाताने केलेला बदल पुसून टाकतो. तसे असेल तर बहुधा फाइलीच्या आरंभीच हॅशच्या चिन्हापुढे ती सूचना दिलेली असते. ती वाचावी आणि बदल त्या कार्यक्रमाच्या जोडण्यांत करावा. ‘नेटवर्क मॅनेजर’ हा असाच एक कार्यक्रम आहे. त्याच्या खिडकीत चौकटी भरून जोडणी करता येते आणि घरगुती वापरासाठी ती सोय चांगलीच आहे. खिडकी कितीही देखणी असली तरी तिच्यातील चौकटी याच चार गोष्टी विचारतात.

अर्ज भरण्याची सोय झाली. पण इतर दोन संगणकांना अभ्यासिकेतील साहित्य अजूनही मिळत नव्हते. या वेळी कोणी घाबरले नाही. शेजारच्या संगणकावरून अभ्यासिकेला अंकी पत्त्याने पिंग केले, उत्तर आले. नावाने केले, उत्तर आले नाही. मघाचीच खूण. पण केंद्रातल्या एका संगणकाचे घरगुती नाव जगाच्या जाणकाराला कसे ठाऊक असणार? ते लिहिलेले होते प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स या फाइलीत. संगणक सामान्यतः आधी ही घरची यादी पाहतो आणि मग बाहेर विचारतो. दोन्ही संगणकांवर अभ्यासिका या नावापुढे जुनाच पत्ता होता. दोन्हीकडे ० चा १ झाला आणि वाचनाचे ध्वनिमुद्रण ऐकू येऊ लागले.

मग त्या विद्यार्थिनीने अभ्यासिकेची इंटरफेसेस फाइल पुन्हा एकदा उघडली. सर्वांत वर हॅशचे चिन्ह देऊन तिने त्या दिवसाची तारीख घातली आणि रोमन अक्षरांत लिहिले: राउटर बदलला, म्हणून पत्ता बदलला, रिझॉल्व्ह आणि होस्ट्स या फाइलीही पाहाव्यात.

भाषाभ्यास

महाराष्ट्र शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले आणि त्याने अनेक विषयांचे परिभाषा कोश सिद्ध केले. ‘संगणक’ हा शब्द आज सर्वत्र रुळला आहे. ‘राउटर’, ‘फाइल’, ‘पिंग’ हे शब्द मात्र आहेत तसेच बोलण्यात आले. परक्या शब्दाला मराठीत आल्यावर लिंग मिळते आणि विभक्तीचे प्रत्ययही लागतात. तो राउटर, ती फाइल, ते नेटवर्क. राउटरला, फाइलीत, नेटवर्कचा. शब्द परका असला तरी त्याला वाक्यात मराठी व्याकरणानेच वागावे लागते. परक्या शब्दाला ‘करणे’ जोडून क्रियापदही होते: पिंग करणे, जतन करण्याऐवजी सेव्ह करणे. कारागिराने ‘फॉरमॅट मारणे’ म्हटले. शिक्का मारणे, फेरी मारणे, हाक मारणे या प्रयोगांच्या ओळीत ते सहज बसते. औपचारिक लेखनात मात्र ‘फॉरमॅट करणे’ असे लिहावे.

या पाठात सूचना देताना ‘ती वाचावी’, ‘बदल करावा’ असे विध्यर्थी प्रयोग आले आहेत. त्यांतून कर्तव्य व्यक्त होते. ‘वाच’, ‘वाचा’ या आज्ञार्थी रूपांत समोरच्या व्यक्तीला थेट सांगणे असते.

पाठान्त प्रश्न

(१) अंकी पत्त्याला पिंग केल्यावर उत्तर येते, पण नावाला येत नाही. दोष कोणत्या घटकात असण्याचा संभव आहे? कोणत्या घटकांवरचा संशय फिटतो?
(२) नवा राउटर बसवल्यावर दोन संगणक लगेच सुरू झाले आणि तिसरा झाला नाही, याचे कारण चार-पाच वाक्यांत लिहा.
(३) कारागिराचा सल्ला मानला असता तर केंद्राचे काय नुकसान झाले असते? जाळे नंतर सुरू झाले असते तरी कोणती गोष्ट अज्ञात राहिली असती?
(४) पुढील शब्दांचे लिंग ओळखून प्रत्येकाचे षष्ठी विभक्तीतील रूप वाक्यात योजा: तार, गेटवे, आज्ञा, ब्राउझर.
(५) पाठातील तीन विध्यर्थी वाक्ये शोधा आणि ती आज्ञार्थात लिहा.
(६) तुमच्या केंद्रातील किंवा परिचयातील एखाद्या लिनक्स संगणकावर ‘आयपी ॲड्रेस’ आणि ‘आयपी रूट’ या आज्ञा द्या. या आज्ञा अशा दिल्या असता फक्त वाचतात, काही बदलत नाहीत. मिळालेला पत्ता, त्यापुढील तिरप्या रेघेनंतरची संख्या आणि वेस वहीत तारखेसह लिहून ठेवा.